सहभागी सातचं वाक्य

नियतकालिकाच्या नियमावलीची पानं मी फ्रिजच्या दारावर चिकटवली होती, कारण दिवसातून सगळ्यात जास्त वेळा मी तिथेच उभी असते. पाच हजारांच्या वर एकही शब्द नको. लेखकाचं नाव कुठेही दिसता कामा नये. कोणाचं बोलणं जसंच्या तसं छापायचं असेल तर त्या व्यक्तीची त्या वाक्यांखाली लेखी संमती हवी. समुपदेशनाचं नियतकालिक, म्हणजे जरा मायेनं लिहीत असतील असं एखाद्याला वाटेल. त्या पानांपुढे आमच्या सासूबाई मवाळ ठरतील.

माझा लेख पहिलटकरणींच्या एकटेपणावर होता. बारा जणींच्या घरी जाऊन, मध्ये रेकॉर्डर ठेवून घेतलेल्या मुलाखती. विशेषांकाची मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती. लेख पोचल्याची पावती जोडली तरच महाविद्यालयाच्या समुपदेशन केंद्रातल्या जागेसाठी माझा अर्ज पुढे सरकणार होता. त्या जागेचं मला एवढं काय होतं, हे घरी नीट सांगता आलं नसतं. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि दार लोटून आत येणारं माणूस माझ्याकडे बघून बोलेल. एवढंच.

अकरा जणींच्या सह्या आल्या होत्या. सातवीची नव्हती. लेखात कोणाचंच नाव नाही, सहभागी एक, सहभागी दोन असे नुसते क्रमांक आहेत. आणि नेमका सहभागी सातच्या वाक्यावर सगळा लेख उभा होता.

"घरी फोन खूप येतात. सगळे बाळाची चौकशी करतात. मी नुसती फोन धरणारी."

माझं संशोधन ज्यांच्या हाताखाली चाललंय त्या मार्गदर्शक बाई हे वाचून खुर्चीत सरळ बसल्या होत्या. "अगं, हे सोनं आहे. शीर्षकातच घाल." घातलं. मग निष्कर्षांचे तीन भाग पडले, ते त्याच वाक्याच्या तीन तुकड्यांवर. चौकशी, बाळ, धरणारी.

सहभागी सात चष्म्याच्या दुकानात काम करते. मेसेजना उत्तर येईना, म्हणून सकाळी अकरा वाजता साहेबांना बाबागाडीत घालून मी दुकान गाठलं. साहेब म्हणजे आमची मुलगी. वय दहा महिने. कोणाचं ऐकत नाही आणि सगळं घर तिच्या वेळांवर चालतं, म्हणून तिच्या बाबांनी ठेवलेलं नाव. ऑफिसातून त्यांचा रोज एक फोन असतोच, "साहेब जेवले का?"

दुकानात शिरल्याबरोबर मी जमीन बघितली. चष्म्यांचे बारीक स्क्रू पडलेले असणार. साहेबांच्या तोंडात जाऊ शकेल अशी प्रत्येक वस्तू मला आधी दिसते, माणसं नंतर.

"ताई! तुम्ही?" काउंटरमागून ती म्हणाली. "उत्तर दिलं नाही म्हणून रागावलात वाटतं."

"नाही हो. एक सही हवी होती."

"बघितला होता मेसेज. लांबलचक होता, म्हटलं निवांत वाचू. निवांत अजून काही सापडलं नाही मला."

मी कागद पुढे केला. त्यावर तिची सहा वाक्यं होती, लेखात जशी छापायची तशी. ती एकेका ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. "हे मीच. हेही मीच. अगंबाई, हे असं बोलले मी? आमच्या ह्यांना दाखवू नका हं." मग बोट थांबलं.

"हे माझं नाही."

"तुमचंच आहे. एकतिसाव्या मिनिटाला."

"मिनिट कितवं का असेना. माझ्याकडे फोन येतात? कोणाचे हो? आई गेली मी शाळेत असताना. सासू नाही. हे फोन करतात ते दूध आणायचंय का विचारायला."

"मग हे कोण बोललं?"

"तुम्हीच की." छत्री विसरलात असं कोणी सांगावं, इतक्या साधेपणानं तिनं सांगितलं. "मी रडत होते. तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग तुम्ही हे बोललात. मला बरं वाटलं खरं तर. म्हटलं, शिकलेल्या बायकांचंही आपल्यासारखंच असतं तर."

"असं होणार नाही," मी म्हणाले. "मुलाखतीत आम्ही स्वतःचं काही सांगत नाही. तसा नियमच आहे."

"मग नसेल सांगितलं," ती म्हणाली. नंबर वाढलेलाच नाही असा हट्ट धरणाऱ्या गिऱ्हाइकाशी ती याच आवाजात बोलत असणार. तिनं ते एक वाक्य रेघ मारून खोडलं, खाली सही केली आणि कागद परत देताना माझ्या तोंडाकडे बघितलं.

"चष्मा केवढा वाकडा झालाय तुमचा. द्या इकडे."

"ही ओढते. राहू दे, मला घाई आहे."

"द्या हो."

चष्मा काढला की मला हाताच्या अंतरापलीकडचं काही दिसत नाही. साहेबांचा एक गुलाबी ठिपका झाला. मी बाबागाडीचा दांडा घट्ट धरून ठेवला. पलीकडे स्क्रू पिळल्याचा बारीक आवाज येत होता. मग तिनं चष्मा स्वतःच माझ्या डोळ्यांवर चढवला, कानामागे बोट घालून दांडी चाचपली आणि विचारलं, "टोचतंय का कुठे?"

कोणी मला असं काही विचारून बरेच दिवस झाले असावेत.

"नाही," मी म्हणाले. "पैसे किती?"

"चला, निघा. बाळ कंटाळलंय."

घरी येऊन केळं भरवलं, साहेबांना झोपवलं, तेव्हा एक वाजला होता. रेकॉर्डर काढला. या मुलाखती मी ऐकून लिहून काढल्या त्या सगळ्या एका कानानं. दुसरा कान कायम पाळण्याकडे. त्यासाठी इअरफोनचं एक बोंड मी खांद्यावर सोडून द्यायचे, आवाज अगदी बारीक ठेवायचे. आज पहिल्यांदाच दोन्ही कानांत घातले. दार उघडं ठेवलं, आणि खुर्ची अशी ठेवली की पाळणा दिसत राहील.

एकतीस मिनिटं. तिचं रडणं. मग शांतता. लेखी प्रतीत मी कंसात लिहिलं होतं, चौदा सेकंद. शांतता मोजून लिहायची असते, तशी आमच्यात पद्धत आहे. मागे पंखा फिरतोय. आणि मग ते वाक्य.

आवाज ओळखू आला नाही. रेकॉर्डरमधून स्वतःचा आवाज परकाच वाटतो, शिवाय दोघींची बाळं झोपलेली म्हणून आम्ही कुजबुजल्यासारख्याच बोलत होतो. पण वाक्य संपल्यावर कोणीतरी नाक ओढलं आणि म्हणालं, "हो ना." हे 'हो ना' मी माझ्या नावावर लिहिलं होतं, ऐकणाऱ्यानं द्यावी तशी दाद म्हणून. ते नाक रडून बंद झालेलं होतं. आणि वाक्याचा आवाज कोरडा ठणठणीत होता. पाच मिनिटं रडलेल्या बाईचा आवाज तसा येत नाही.

मी तीन वेळा ऐकलं. मग लेखी प्रतीचं पहिलं पान काढलं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: आई हयात नाही, सासू हयात नाही. हे वाचून, लिहून, त्याच बाईच्या तोंडी मी माझ्या घरचे फोन घातले होते. आणि दोन महिने त्या वाक्यावर निष्कर्ष रचत बसले होते.

तिनं खरोखर काय सांगितलं ते पुढे नवव्या पानावर सापडलं. "फोन वाजला तर मला आधी वाटतं, राँग नंबर असेल." त्याखाली मी रेघसुद्धा मारली नव्हती. तेव्हा मला त्यात काही दिसलंच नव्हतं.

दोन वाजता मार्गदर्शक बाईंना फोन लावला.

"पाठवलास?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. पलीकडे चमचा बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"अगं, मुलाखतीत आपलं रडगाणं गायचं नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो आपण."

"हो बाई."

"आणि तू गायलीस. आणि त्याचं शीर्षक केलंस."

"शीर्षक तुम्ही..."

"ते राहू दे. आता सरळ वगळ ते वाक्य."

"ते वगळलं तर तिन्ही भाग कोसळतात."

पलीकडे चमचा पुन्हा वाजला. मग बाई हळू म्हणाल्या, "तशी ती रेकॉर्डिंगं ऐकायला कोण बसलंय?" आणि लगेच, "हे मी बोलले नाही असं समज."

'हे मी बोलले नाही' हे आज सकाळपासून मी दुसऱ्यांदा ऐकत होते. मला हसू आलं, आणि ते बाईंना ऐकू गेलं असावं.

"हसतेस काय? चूक झाली असं लेखात लिहिलंस तर परीक्षक तिथेच बोट ठेवतील. मुलाखत घेणारी कच्ची, म्हणतील. जागा हवीय ना तुला?"

"हवीय."

"मग बघ बाई. तीन तास आहेत तुझ्याकडे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तीन तास नव्हतेच. साहेब तीनला उठतात.

आधी चष्म्याच्या दुकानवालीला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग जपूनच, "कोण?"

"मी. सकाळची ताई."

"हां हां. मला वाटलं..."

"राँग नंबर?"

ती हसली. मी तिला नवव्या पानावरची ओळ वाचून दाखवली. "हे मीच," ती म्हणाली. "हे घाला की. पण यात विशेष काय आहे?"

"बरंच आहे. 'हे माझं आहे, छापायला हरकत नाही' असा मेसेज कराल का?"

"करते."

फोन ठेवायची वेळ झाली होती. तुमचं बाळ कसं आहे, हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं, इतकं सवयीनं. मी ते गिळलं. "तुम्ही जेवलात का?"

पलीकडे काही क्षण काहीच नाही. किती सेकंद, ते मी मोजले नाहीत.

"नाही अजून," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आलंय ताई, ठेवते हं."

मग मी लेख उघडला. शीर्षक पुसलं. तिथे नुसतं 'पहिलटकरीण मातांच्या एकटेपणाचा अभ्यास' राहिलं, सरकारी कचेरीच्या पाटीसारखं. 'चौकशी' या पहिल्या भागाला दुसऱ्या मुलाखतींमधला आधार होता, सहभागी तीनचा आणि अकराचा. तो भाग अंग चोरून उभा राहिला. दुसऱ्या भागातला निम्मा मजकूर गेला. तिसऱ्याच्या जागी नवा लिहिला, ज्यांना कोणाचाच फोन येत नाही त्यांच्याबद्दल. त्यात राँग नंबरची ओळ बसवली. लिहिताना मेसेज आला. 'हे माझं आहे.' छापण्याबद्दल काही नव्हतं. पुन्हा विचारलं, तर नुसतं 'हो हो' आलं. त्यावर भागवलं.

तीनला साहेब उठले. डाव्या मांडीवर साहेब, उजव्या हातानं टंकन. पावणेचार ते सव्वाचार साहेबांनी काहीच करू दिलं नाही. एकदा त्यांनी स्वतःच पाऊण ओळ लिहिली. ती काढली.

साडेचारला एकच परिच्छेद उरला. अशा अभ्यासात शेवटी 'संशोधकाची भूमिका' म्हणून दोन-चार ओळी लिहायच्या असतात, आपण कोण आणि कुठे उभं राहून हे बघितलं त्याबद्दल. माझ्या तिथे एक ओळ होती, संशोधक विवाहित असून तिला एक मूल आहे. ती मी पुसली आणि लिहिलं:

'सातव्या मुलाखतीत एकतिसाव्या मिनिटाला संशोधकानं स्वतःबद्दल एक वाक्य उच्चारलं आणि नंतर चुकीनं ते सहभागीच्या नावावर नोंदवलं. सहभागीनं ते दाखवून दिल्यावर नोंद दुरुस्त केली. ते वाक्य असं: घरी फोन खूप येतात. सगळे बाळाची चौकशी करतात. मी नुसती फोन धरणारी.'

शब्द मोजले. पाच हजार बारा. बारा कमी करायचे तर त्या परिच्छेदातूनच काढणं सगळ्यात सोपं होतं. मी ते संदर्भांच्या आधीच्या आभारांतून काढले. तिथे बाईंचे आभार दोनदा मानले होते.

मग नियमाप्रमाणे फाइलमधून माझं नाव पुसलं, आणि चार वाजून एक्कावन्न मिनिटांनी पाठवलं. लगेच पावती आली. 'माननीय लेखक, आपला लेख प्राप्त झाला आहे. परीक्षकांचा निर्णय अंदाजे चार महिन्यांत कळवला जाईल.' जागेच्या अर्जाला पावती पुरे होती. चार महिन्यांनी परीक्षक काय म्हणतील ते म्हणोत. मी ती जोडून अर्जही पाठवून दिला.

पाचला सासूबाईंचा व्हिडिओ कॉल येतो. आला.

"काय गं, फोन उचलायला वेळ लावलास?"

"लेख पाठवत होते, आई. आत्ताच पाठवला. बरेच दिवस लिहीत होते तो."

"हो का? छान, छान." त्यांचं तोंड पडद्याजवळ आलं, डोळे बारीक झाले. "जरा खाली कर ना फोन. तुझंच तोंड येतंय मध्ये."

मी फोन खाली केला. पडद्याच्या वरच्या कडेला माझी हनुवटी तेवढी राहिली. सासूबाई साहेबांशी बोबडं बोलू लागल्या, आणि साहेबांनी त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता हात वर करून माझा चष्मा पकडला आणि सगळा जोर लावून ओढला.

चष्मा जागचा हलला नाही.