बेंजो पार्टीतली दोन शेपटांची गिटार

मित्रांनो, मी एक जुनी, विजेवर चालणारी गिटार आहे. अंग माझं इंग्रजी व्ही अक्षरासारखं. मागं दोन शेपटं, त्यामुळं मला धड मांडीवर बसता येत नाही आणि धड कोपऱ्यात उभं राहता येत नाही. मला घडवणाऱ्यानं बसण्याचा विचारच केला नव्हता. तो बिचारा स्वतः कारखान्यात दिवसभर उभा असायचा.

परभणीतल्या एका दुकानात मी लय दिवस टांगलेली होते. येणारा-जाणारा म्हणायचा, "ही काय बेचकी हाय का?" मग एकदा सोनपेठच्या बेंजो पार्टीचे मालक व्यंकटराव आले. वरातीत गाड्यावर बेंजो वाजवणारी त्यांची पार्टी. पण लोकांना आता डीजे लागायला लागला होता. सोबत त्यांचा बेंजोवाला योगीराज होता.

"लांबून दिसली पाहिजे," मालक म्हणाले. "आन् स्वस्त पाहिजे."

माझ्या शेजारी एक लखलखीत लाल गिटार होती. योगीराजनं एक डोळा मिटून तिच्या मानेकडं बघितलं, बैल घेताना बघतात तसं. मान वाकडी निघाली. मग त्यानं मला उतरवलं.

"मालक, हिची मान सरळ हाय. पिकअप भंगार हायेत, पण ते बदलता येतात. मान न्हाई बदलता येत."

पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेले माझे कान. लोहचुंबक, आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेढे. वर तारा थरथरल्या की ते ऐकतात आणि स्पीकरला सांगतात. माझे मात्र चहाडखोर निघाले. तारांचं कमी, इकडचं तिकडचं जास्त सांगायचे.

पहिलीच वरात पाथरीला होती. जनरेटरच्या आवाजात ऐकू जावं म्हणून व्यंकटराव माझ्यावर वाकून योगीराजला ओरडले, "नवरीचा बाप लय चिक्कू हाय, लवकर उरक!" ते माझ्या पिकअपनं ऐकलं आणि सगळ्या भोंग्यांतून गावाला सांगितलं. नवरीचा बाप समोरच नाचत होता.

घोडा सोडून सगळे थांबले.

त्या दिवसापासून माझी वायर निघाली. "नुसती गळ्यात घाल," मालकांनी बजावलं. "आवाज कीबोर्डवरून काढू. तू बोटं हलीव." योगीराज बोटं हलवायचा, लोक फोटो काढायचे, वाहवा करायचे. मित्रांनो, न केलेल्या कामाची शाबासकी फार जड असते. ती आम्ही दोघं गळ्यात घेऊन फिरलो.

राणीसावरगावला घरी मात्र तो मला बिनवायरीची वाजवायचा, लाकडाला कान लावून. त्याची धाकटी बहीण प्रियांका चिडवायची, "दादा, माझ्या लग्नात बी असंच खोटं वाजवनार का रे?"

तो हसला नाही. "तुझ्या लग्नात खरं वाजवीन. न्हाईतर हिला गळ्यातच घालनार न्हाई."

दिवाळीनंतरची तारीख ठरली. त्याआधी खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली हत्यारं धुऊन पुजतात. योगीराजची आई दगडाबाई हिनं विळा घासला, खुरपं घासलं, आणि लेकाचं हत्यार म्हणून मलाही घेतलं. राख, काथ्या, वर तांब्याभर पाणी. मग हळदकुंकू, झेंडूचा हार. इतका मान मला आजवर कुणी दिला नव्हता, आणि त्यातच माझा आवाज गेला. संध्याकाळी योगीराजनं वायर जोडली, तर चहाडीसुद्धा निघेना.

"आगं बया! मी तर चांगलं व्हावं म्हनून घासलं रे," दगडाबाई म्हणाली. योगीराजनं वायर गुंडाळून खुंटीला टांगली. तेच तिला जास्त लागलं.

"ऊठ," ती म्हणाली. "माझ्या हातानं गेलंय, माझ्या कापूस वेचनीच्या पैशातून यील."

गंगाखेडला भोंगे दुरुस्त करणाऱ्या सितारामनं मला उघडून उलटं धरलं. पिवळं पाणी गळालं.

"मावशी, आंघोळ घातली का हिला?"

"उटनं तेवढं राह्यलं," दगडाबाई म्हणाली.

त्यानं नवे पिकअप मागवले. बसवताना दाखवत म्हणाला, "जुन्यात मेण भरलेलं नव्हतं, म्हनून ती मानसाचं बोलनं ऐकायची. हे मेणात बुडवलेले हायेत. आन् दर एकात उलटसुलट दोन गुंडाळ्या. जनरेटरची गुरगुर एकीनं आणली की दुसरी मोडून काढती. सूर तेवढा दोघी मिळून पुढं देतात."

"म्हंजी आमी जावा-जावाच की," दगडाबाई म्हणाली. "भांडतो उलटं, भाकरी थापतो मिळून."

लग्न लागलं. प्रियांका सासरी जायला जीपमध्ये बसली. व्यंकटराव भोंग्यांपाशी उभे होते, स्वतःच्या तोंडावर हात दाबून. पार्टी थांबली आणि योगीराजनं एकट्यानं चाल धरली. कापूस वेचताना दगडाबाई गुणगुणायची, तीच.

प्रियांकानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "दादा, हे तू वाजवायलास का कीबोर्ड वाजायलाय?"

योगीराजनं तारांवरून हात उचलला.

सगळा रस्ता गप्प झाला. प्रियांकाला उत्तर मिळालं. तिनं पदरानं तोंड पुसलं. "मग थांबू नगंस ना. वेशीपत्तुर वाजीव."

त्यानं वाजवलं. जीप दिसेनाशी झाली तरी वाजवलं.

मित्रांनो, आम्हाला पुसा, जपा, हौसेनं पूजाही करा. पण पाणी घालण्याआधी आत काय आहे ते जाणत्याला विचारा. आणि ज्याच्याकडं सूर आहे, त्याला नुसतं दिसायला उभं करू नका.

तो वाजवत असेल, तर थोडं थांबून ऐका.