सदतीस हललेले फोटो

दारिशाचा कॅमेरा जुन्या बाजारातला, तिसऱ्या हाताचा. अंधाऱ्या हॉलमध्ये तो इतका हळू चालायचा, की समोरचा माणूस जरा हलला तरी चेहऱ्याची लापशी. शिलाँगमधले बाकीचे फोटोवाले बंदुकीसारखे शंभर फोटो झाडत, त्यातला एखादा लागे. दारिशाला ती चैन नव्हती. दिवसभर औषधाच्या दुकानात उभं राहायचं आणि शनिवारी गाण्याच्या कार्यक्रमात माणूस कधी थांबतो याची वाट बघायची.

'कोल लॉरी' या बँडची गाणी तिला अशीच पाठ झाली. शब्द नव्हे, शरीरं. उंच सूर लावण्याआधी गाणारा किन्साई हनुवटी वर करून श्वास घ्यायचा. पापणी लवेपर्यंत पुतळा. तेवढ्यात ती बटण दाबायची. सहा वर्षं, फुकट. ताईला म्हणतात तसं काँग म्हणत किन्साईनं शब्द दिला होता, "काँग, पहिला दौरा निघाला की गाडीत पहिली जागा तुझी." त्या एका जागेवर तिचा जीव अडकला होता.

ऑक्टोबरात स्पर्धा झाली. नियम एकच: जे ऐकू येईल ते मंचावर, तिथल्या तिथे गायलेलं-वाजवलेलं. 'कोल लॉरी' जिंकली. बक्षीस चार शहरांचा दौरा. आणि दारिशाचे सदतीसच्या सदतीस फोटो हललेले.

दुसऱ्या दिवशी बँडच्या गॅरेजमध्ये जेवण होतं. ड्रम वाजवणारा बानटेई फोटो बघून म्हणाला, "काँग, हा कॅमेरा आता भाच्यांना खेळायला दे."

सगळे हसले. किन्साई तिच्या ताटात जादोह, म्हणजे मांस घातलेला भात, वाढत म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको. दौऱ्याला गुवाहाटीचा एक फोटोवाला येतोय. तुझा हातही हल्ली थरथरतो."

चौतिसाव्या वर्षी आपला हात थरथरतो, हे तिनं ऐकून घेतलं. वर जादोह छान झालाय असंही म्हणाली.

घरी येऊन तिनं फोटो मोठे करून पाहिले. किन्साई सगळीकडे पुसट. पण त्याच्यासमोरचा माइकचा दांडा? त्याच्यावर गुंडाळलेल्या काळ्या पट्टीचे वेढे मोजता येत होते. हात थरथरला असता तर दांडाही थरथरला असता. म्हणजे तिनं वेळ बरोबर साधली होती. जिथे तो सहा वर्षं थांबत आला, तिथे तो थांबलाच नव्हता. श्वासाची गरजच नव्हती त्याला. एकतिसावा फोटो तिनं शेवटच्या उंच सुरावर घेतलेला. अख्खा हॉल त्या सुरानं भरला होता, आणि फोटोत किन्साई बाहीनं तोंड पुसत होता.

दुपारच्या सुट्टीत ती थेट गॅरेजमध्ये गेली.

"सूर कुणाचा होता रे?"

"माझाच. आधी रेकॉर्ड करून ठेवलेला." किन्साई गिटारच्या तारा बदलत राहिला. "घसा बसला होता, काँग. हल्ली सगळेच करतात. कुणाचं काय गेलं?"

"आणि माझा हात?"

बानटेईनं मान खाली घातली. या भामट्यांत तेवढा एक बरा म्हणायचा, कारण खरं तोच बोलला. "हॉलमध्ये कुणाला कळलं नाही. कळलं तर तुलाच कळेल, हे आम्हाला ठाऊक होतं. पुढे चारही ठिकाणी तेच करायचंय. तुला गाडीत घेऊन कसं जमणार?"

म्हणजे फोटो वाईट म्हणून नव्हे. तिच्याइतकं त्यांच्याकडे कुणीच पाहिलं नव्हतं, म्हणून.

"जुने फोटो तेवढे पाठव," किन्साई म्हणाला. "पोस्टरला लागतील."

"ते गाणाऱ्या माणसाचे आहेत. तुला कशाला देऊ?"

"जा, सांग मग कुणालाही. हललेल्या फोटोवर कोण विश्वास ठेवतंय?"

"बघू," ती म्हणाली.

स्पर्धा भरवणाऱ्यांचं ऑफिस शहरातल्या पोलीस बझार भागात, दुसऱ्या मजल्यावर होतं. टेबलामागच्या चष्मेवाल्या गृहस्थानं सुपारी चघळत एकतिसावा फोटो हातात घेतला, उलटसुलट केला. "काँग, हा तर हललाय."

"हो बाह, हललाय," दादाला म्हणतात तसं बाह म्हणत दारिशा खुर्ची ओढून बसली. "का हलला ते सांगायलाच आलेय. तुमच्याकडे त्या गाण्याचं रेकॉर्डिंग असेल. तेवढं लावा, आणि फोटोत तो तोंड पुसतोय त्या वेळेला सूर कुठून येतो ते ऐका."