एकच पाकीट

"तळाचं संत्रं आलं, पाकिटं काढा!" माझ्याबरोबर केस धुणारी लोकयिऊ मला पाहून ओरडली आणि सलूनभर हशा पिकला.

चिनी नवं वर्ष लागून आठवडा झाला होता. लग्न झालेल्यांनी बिनलग्नाच्यांना पैशांचं लाल पाकीट द्यायचं, ही आमच्याकडची रीत. मी एकोणपन्नासाव्या वर्षीही घेणाऱ्यांतच. आमच्या सलूनमधल्या पोरींकडे सगळ्यांसाठी शब्द आहेत. नकार मिळाला, तर 'लिंबू खाल्लं'. सोडून दिलं, तर 'उडवलं'. आणि बिनलग्नाची राहिलेली बाई म्हणजे टोपलीच्या तळाचं संत्रं. दुसरीचा नवरा अठरा वर्षं दर बुधवारी दुपारी जिच्या छुनवान भागातल्या खोलीवर जेवायला येतो, तिच्यासाठीही शब्द आहे. तो मला लावायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

जूनपासून माझा बुधवारचा पाहुणा, पून, आला नव्हता. फोनही बंद. आपल्याला उडवलं, असं मी धरून चालले. विचारणार कुणाला?

त्याची बायको, पूनबाई, वर्षातून एकदाच, सणानंतर, केस धुवायला यायच्या. तशा आल्या आणि माझ्या हातात त्यांनी पाकीट ठेवलं. एकच. नवरा-बायकोची मिळून दोन असतात.

"काडीमोड झाला वाटतं," लोकयिऊ माझ्या कानाशी पुटपुटली.

सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मोकळा झाला, आता येईल, एवढंच डोक्यात. टॉवेलची गाठ काही केल्या बसेना.

"पूनसाहेब बरे आहेत ना?" त्यांचं डोकं बेसिनवर टेकवत मी विचारलं.

"तुला ठाऊकच नाही? जूनमध्ये गेले गं. भर दुपारी, बसमध्ये. छुनवानला काय काम होतं कोण जाणे! हातात भाजलेल्या हंसाचं पार्सल. आमच्या घरी हंस खातं कोण?"

मी खाते. त्यानं मला उडवलं नव्हतं. तो येतच होता.

मला हंबरडा फोडायचा होता. पण गिऱ्हाइकाच्या नवऱ्यासाठी कुणी एवढं रडतं का? मी पाणी सोडलं.

"गरम नाही ना?"

"बरं आहे." त्यांनी डोळे मिटले. "तू सुटलीस बघ, क्वान. नवरा जाणं म्हणजे काय, ते तुला कधी कळायचं नाही."

"खरं आहे," मी म्हटलं.

पाकीट घेतल्यावर शुभेच्छा द्यायच्या असतात, त्या राहूनच गेल्या होत्या.

"हे वर्ष सुखाचं जावो, पूनबाई," मी म्हटलं आणि त्यांच्या केसांना दुसऱ्यांदा शाम्पू लावायला घेतला.