सरकारने सांगितले, बाईने दावा केला

माझा नवरा सरकारचा आवाज होता. मंत्र्यांना जे स्वतः बोलायचं नसे ते हे माईकसमोर उभे राहून बोलत, तेही कडक इस्त्रीच्या शर्टात. घरात मात्र आवाज माझाच. आणि आमची लेक एका इंग्रजी पेपरात बातम्या तपासायला बसायची. म्हणजे बापाने दुपारी जे सांगितलं, ते ‘सांगितलं’ म्हणायचं की ‘दावा केला’ म्हणायचं, हे संध्याकाळी लेक ठरवणार. जेवणाच्या टेबलावर रोज जुंपायची.

“क्लेम्ड? मी क्लेम केलं?” हे ताट सरकवत.

“पुरावा दिलात का, बाबा?”

“‘सेड’ लिहायला हात दुखतात का तुझे?”

माझी शाळा दुसरीत सुटली, पण या बापलेकीने मला एवढं इंग्रजी फुकटात शिकवलं. ‘सेड’ म्हणजे नुसतं सांगितलं. ‘क्लेम्ड’ म्हणजे सांगितलं, पण आम्ही जबाबदार नाही. ‘कन्फर्म्ड’ म्हणजे सांगितलं आणि आम्हीही मान डोलावली. ‘डिनाइड’ म्हणजे कानांवर हात. आणि ‘अ‍ॅडमिटेड’ म्हणजे इतके दिवस पोटात ठेवलेलं शेवटी ओकलं. मला यात नवल वाटलं नाही. घराघरांत हेच चालतं. सासू ‘म्हणते’ आणि सून ‘उलटून बोलते’.

मग बोगदा कोसळला.

शहराला पाणी आणायला डोंगरातून बोगदा खणत होते. माझा धाकटा भाऊ तिथे पंप चालवायचा. यांनी माईकसमोर वाचलं की सर्व कामगारांना सुखरूप बाहेर काढण्यात आलं आहे. भाऊ घरी आला नाही. तर दुसऱ्या दिवशी सरकार म्हणालं, तो त्या दिवशी कामावर आलाच नव्हता, घर सोडून गेला असेल. बाकीचे जे आले नाहीत ते परगावचे, रोजंदारीवरचे. त्यांच्या घरी कळायलाच महिने लागले. बोगद्याच्या तोंडाशी ओरडायला होती ती एकटी माझी भावजय. “डबा मी हातात दिला! आत जाताना मी पाहिलं!”

पेपरात आलं की सरकारने ‘कन्फर्म’ केलं आणि बायकोने ‘क्लेम’ केलं. लेक तेव्हा कामाला नवीन होती. पेपरच्या ऑफिसात तशीच रीत होती. सरकारला एक शब्द, रडणाऱ्या बाईला दुसरा.

भावजयीने तो पेपर कुणाकडून तरी वाचून घेतला आणि आमच्या दारात आली. “वन्सं, माझा नवरा आत गेला, हा माझा दावा आहे होय?” बस. त्यानंतर तिने आमचा उंबरा ओलांडला नाही. रस्त्यापलीकडे तिचं शिवणाचं दुकान आहे. तिने मशीन अशी फिरवून घेतली की आम्हाला तिची फक्त पाठ दिसावी. कित्येक वर्षं मी ती पाठ पाहत आले.

हे निवृत्त झाले आणि हळूहळू डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली. आधी किल्ल्या, मग माणसं. मग दुपारचे स्वयंपाकघरात येऊन सिंकखाली बसायला लागले, नळाच्या पाइपला कान लावून.

“काय ऐकताय?”

“श्श. ठोकताहेत.”

मी प्लंबरला बोलावलं. तो म्हणाला, “हवा आहे आजी. आजोबांना टीव्ही लावून द्या.” नवा वॉशर बसवून गेला. त्यानंतर मलाही ऐकू यायला लागलं. भुताखेतांना मी भीत नाही. भुतांनीच माझ्यापासून जपून राहावं. पण भांडी घासताना हात आपोआप थांबायचा. दोनदा टकटक. मग काही नाही. मग एकदा. जणू पलीकडचा उत्तराची वाट बघतोय.

एका दुपारी हे पाइप धरून बोलायला लागले. “साहेब म्हणाले, वाचा. मी म्हटलं, साहेब, आधी ऐका तरी. साहेब म्हणाले, दगड सरकताहेत. दगड असे ठोकतात का गं? थांबून थांबून?”

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. अगदी हळू. आपटलं असतं तर हे बोलायचे थांबले असते.

त्याच आठवड्यात कळलं की जुन्या बोगद्याचं तोंड सोमवारी काँक्रीटने भरून टाकणार, वरून रस्ता जाणार. एकदा भरलं की माझा भाऊ कायमचा घर सोडून गेलेला. मी लेकीला बोलावून घेतलं. ती आली, बापाजवळ बसली, आवाज भरून घ्यायला फोन पुढे ठेवला. फोन दिसताच हे ताठ बसले. गळ्याचं बटण लावलं.

“सर्व कामगारांना सुखरूप बाहेर काढण्यात आलं आहे. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.”

फोन पर्समध्ये टाकून तिने पेन काढलं. पेन दिसलं तरी तेच. शब्दही इकडचा तिकडे नाही.

“मी ऐकलंय ना,” मी म्हटलं. “माझं लिही.”

लेकीने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, “आई, तुझं लिहिलं तर त्याला काय लावतील, माहितेय ना?”

“क्लेम्ड.”

“नवरा आजारी. त्यात तू मामाची बहीण.”

या घरात मी बोलले की ते झालेलं असतं. माझ्या शब्दामागे ‘असं तिचं म्हणणं आहे’ अशी शेपटी लावायची कुणाची टाप नव्हती. खिडकीतून मला ती पाठ दिसत होती. मी पायात चपला सरकवल्या.

भावजयीने मशीनवरून मान वळवली नाही. “काय उसवलंय?”

“बोगदा बुजवताहेत.”

“माहितेय.”

“चल. यांच्या तोंडून ऐक.”

“मी दावे करणारी बाई, वन्सं. माझ्या ऐकण्याला काय किंमत?”

“तोंड नंतर चालव. आधी ऊठ.”

ती उठली. का उठली, देव जाणे. आमच्या उंबऱ्यापाशी क्षणभर अडखळली, मग आत आली. हे सिंकखाली होते. तिला पाहून ताठ झाले नाहीत, बटण लावलं नाही. पाइपाच्या आड लपायला बघत होते, एवढा मोठा माणूस.

“आलीस?” हे म्हणाले. “ये, ऐक. मी सांगितलं होतं त्यांना. वाचायच्या आधी बोगद्यातल्या पंपाच्या पाइपला कान लावून ऐकलं, वाचून आलो तेव्हाही ऐकलं. तिसऱ्या दिवशीसुद्धा ठोकत होते गं. मग थांबले.”

लेक दारात उभी होती, दोन्ही हात रिकामे. भावजय खाली बसली आणि तिने पाइपला कान लावला. बराच वेळ. टकटक झाली, मी शपथेवर सांगते.

“हे ते नव्हेत,” भावजय म्हणाली. “उशिरा घरी आले की ते दारावर नखाने ठोकायचे, मला दचकायला नको म्हणून. हा दुसरा कुणीतरी आहे.”



लेक ऑफिसला निघाली तेव्हा मी दारात बजावलं, “अ‍ॅडमिटेड लिही. बाप असला म्हणून काय झालं.”

सकाळी तिने मला बातमी वाचून दाखवली. माजी प्रवक्त्याने सांगितलं. पंपवाल्याच्या बायकोने सांगितलं. सरकारने सांगितलं की यात तथ्य नाही, प्रवक्ते आजारी आहेत. तिघांनाही ‘सेड’.

मी तडकले. “तिघांना एकाच मापात मोजलंस?”

“तुला अ‍ॅडमिटेड हवं होतं. आमच्या साहेबांना बाबांसाठी क्लेम्ड हवं होतं आणि सरकारसाठी कन्फर्म्ड. मी भांडून भांडून सेड मिळवलं.” तिचे डोळे जागरणाने लाल झाले होते. “मामीला सेड मिळालंय, आई.”

मी ‘बरं’ म्हटलं. असं सहसा होत नाही.

सोमवारी यांना शेजारणीकडे बसवून आम्ही तिघी बोगद्याशी गेलो. काँक्रीटच्या गाड्या रांगेत उभ्या, त्यांचे पिंप गरागरा फिरताहेत, आणि मजूर बाजूला बसलेले. त्यांच्यातल्या कुणीतरी बातमी वाचून दाखवली होती. ठेकेदार शिव्या घालून थकला. मुकादमाचं एकच म्हणणं, “जिथून माणूस ठोकत होता तिथे आम्ही माल ओतणार नाही.” पिंपातला माल घट्ट व्हायला लागला तशा गाड्या परत गेल्या. दुपारी इंजिनिअर वैतागून म्हणाला, ढिगाऱ्यात एक भोक पाडा, आत बघा आणि विषय संपवा.

भोक पाडायला संध्याकाळ झाली. एक मजूर बत्ती घेऊन आत सरपटला. बाहेर साहेब लोक फोनवर बोलत होते, मग एकेकाचं बोलणं बंद पडलं.

तो बाहेर आला. इंजिनिअरला टाळून सरळ भावजयीपुढे येऊन उभा राहिला.

“बाई, आहेत.”

“इकडे ये! आधी मला सांग!” इंजिनिअर ओरडला. मजुराने वळूनही पाहिलं नाही. लेकीच्या हातात पेन होतं, ते हललं नाही.

भावजयीने विचारलं, “त्यात कुणी खूप उंच आहे का?” माझा भाऊ कुठल्याही दारातून वाकून यायचा.

मजूर खाली बघत राहिला. “सगळे बसलेत, बाई. भिंतीला टेकून. उंची कशी सांगू?”

“बसलेलेही मी ओळखते,” ती म्हणाली आणि त्याच्या हातातली बत्ती घेऊन निघाली. इंजिनिअर दोन्ही हात पसरून आडवा आला, आत जायची परवानगी नाही म्हणून सांगायला. मी त्याची बाही धरली आणि त्याला बाजूला केलं.