मोजे वाळत घातलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे आणि मला समुद्राची भीती वाटते. काठीला कसली आलीय भीती, असं म्हणून हसू नका. जिने उभा जन्म जंगलातले साप हुसकावण्यात काढला, ती पाण्याला का घाबरते, ते ऐका.

मी भरीव बांबूची. एका बेटावर पाहुण्यांना जंगलाची वाट दाखवणाऱ्या माणसाने मला तोडलं, मंद आचेवर शेकून सरळ केलं, भरपूर तेल पाजलं आणि खाली लोखंडी टोक बसवलं. तो थकल्यावर मी त्याच्या मुलीच्या हाती आले. पाहुणे तिला ताई म्हणत. पुढे मी, मागे ताई, तिच्या मागे पाहुणे, अशी आमची वरात निघे. कोळ्यांची जाळी बाजूला करायची, पाचोळा ढवळायचा, ओढ्याची खोली बघायची, ही माझी कामं. "काठी झकास आहे हो तुमची," असं कोणी म्हणालं की मी ताठ होई. तशी मी ताठच असते म्हणा.

पण माझं खरं काम संध्याकाळी असे. जंगलाची निसरडी उतरण संपली की एक छोटा किनारा लागतो. मागे उभा कडा. निसरडी उतरण अंधारात परत चढता येत नाही, म्हणून तिथून घरी जायची वाट एकच, खडकांना वळसा घालून जाणारी. भरतीला ती वाट बुडते आणि नंतर किनाऱ्याची सगळी वाळूही पाण्याखाली जाते. म्हणून पाहुणे सूर्यास्त बघत बसले की ताई मला एका ठरलेल्या जागी रोवून ठेवी. पाणी माझ्या पायाला लागलं की निघायचं, म्हणजे वळसा घालण्यापुरता वेळ मिळे. हे ती पाहुण्यांना मात्र सांगत नसे. "माणसं चार घटका मजा करायला येतात, त्यांना भीती कशाला घालायची?" असं तिचे वडील म्हणत आणि वडिलांचा शब्द तिला प्रमाण होता.

एकदा एक जोडपं आलं. मुलं मार्गी लागल्यावर दोघं पहिल्यांदाच एकटी निघाली होती. काकांना वाटेतलं प्रत्येक पान हातात घेऊन बघायचं असे आणि काकूंना प्रत्येक पानाखाली साप दिसे.

"अहो, हात लावू नका!"

"अगं, पान आहे ते. खातंय का मला?"

वाटभर हेच चाललं होतं. पण काठी मारल्याने पाणी थोडंच तुटतं! ओढा आला की काकू काकांचं कोपर घट्ट धरत. पाण्याला त्या फार भीत. गंमत म्हणजे ओढ्यात घसरले ते काका, आणि त्यांचे मोजे चिंब भिजले.

किनाऱ्यावर ताईने मला रोवलं आणि ती जरा वरच्या खडकाआड चहा करायला गेली. इकडे काकूंना ते ओले मोजे बघवेनात.

"सर्दी होईल तुम्हाला. द्या इकडे. बघा, काठी आयतीच मिळाली!"

त्यांनी मला उपटलं आणि वर कोरड्या वाळूत, वारा लागेल अशा जागी रोवलं. मग मोजे पिळले, झटकले आणि माझ्या डोक्यावर अडकवले. घरची सवय, दुसरं काय.

मित्रांनो, एरवी मला हसू आलं असतं. पण माझी जुनी जागा मला समोर दिसत होती. तिथे पाणी आलं. थोड्या वेळाने ती जागाच दिसेनाशी झाली. चहा देताना ताईने माझ्याकडे पाहिलं. मोजे बघून ती हसली आणि माझ्या पायाशी कोरडी वाळू बघून निर्धास्त झाली. काठी कोणी हलवली असेल, हे तिच्या मनातही आलं नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता आणि मी तिला खोटं सांगत उभी होते. ओरडावंसं वाटत होतं, पण काठीला तोंड कुठलं?

पहिली लाट माझ्या पायाला लागली तेव्हा सूर्य बुडाला होता. ताई "चला" म्हणत आली, तिने खडकांकडे पाहिलं आणि ती पांढरीफटक पडली.

"काठी कोणी हलवली?"

"मी. मोजे वाळावेत म्हणून," काकू म्हणाल्या. "का हो, काय झालं?"

ताईने सांगितलं. काकू मटकन खाली बसल्या. "मला नाही जमायचं. तुम्ही दोघं जा."

"वेडी का काय तू!" काका ओरडले. "मोज्यांची काळजी करतेस, आणि स्वतःची नाही? ऊठ!"

काकू उठल्या, माझ्या डोक्यावरचे मोजे त्यांनी मुठीत घेतले आणि ताईने मला उचललं. पुढे ती, मध्ये काकू, मागे काका. मी पाण्याखालचे खडक चाचपत होते. पाणी गुडघ्याला आलं, मग कमरेला. लाट आली की ताई मला खडकाच्या फटीत रोवी आणि तिघंही मला कवटाळत. एका मोठ्या लाटेत माझ्या अंगातून कडकन आवाज आला. मोडू नकोस, मोडू नकोस, असं मी स्वतःलाच विनवत होते. मी मोडले असते तर तिघं गेली असती. मी चिरले, पण मोडले नाही.

आम्ही पलीकडच्या वाळूवर पोचलो. काकूंच्या मुठीत मोजे तसेच होते. त्या माफी मागू लागल्या तशी ताई रडत म्हणाली, "तुमची चूक नाही हो, काकू. मीच सांगायला हवं होतं."

आता माझ्या चिरेवर तारेचे वेढे आहेत. जंगलात ताई नवी काठी वापरते, किनाऱ्यावर मात्र मलाच रोवते आणि आधी पाहुण्यांना सगळं सांगते. ऐकून त्यांचे चेहरे उतरतात.

मित्रांनो, एखादी वस्तू जागची हलवण्याआधी ती तिथे का ठेवली आहे, हे विचारत जा. आणि तुम्हाला एखादा धोका ठाऊक असेल, तर बरोबरच्या माणसाला सांगा. तो घाबरला तर घाबरू द्या. पाणी माझ्याकडे येऊ लागलं की मी अजूनही घाबरते. पण आता माझ्याबरोबर सगळेच थोडे घाबरतात आणि वेळेवर घरी जातात.