नॉर्बर्टने सुचवलेलं यंत्र

फेब्रुवारीत माझे वरचे सगळे दात काढले, आणि एप्रिलमध्ये लक्षात आलं की आता मला पिपाणी फुंकता येत नाही.

चाळीस वर्षं मी कायोटींना, म्हणजे इकडच्या रानकोल्ह्यांना, तोंडाने बोलावत आलो होतो. लाकडी पिपाणी दातांत धरायची आणि जखमी सशासारखं केकाटायचं. कायोटी आयत्या घासाच्या आशेने येतो आणि बंदुकीच्या टप्प्यात सापडतो. सेज क्रीकच्या आसपास माझ्यासारखी पिपाणी कुणाची नव्हती, असं लोकच म्हणायचे. नवी कवळी लावून पहिल्यांदा फुंकली, तर गरम सूप फुरकल्यासारखा आवाज आला. दुसऱ्यांदा जोर लावला, तेव्हा कवळीच गवतात जाऊन पडली.

दात काढल्यावर जबडा पिकला होता. तीन आठवडे बिलिंग्जच्या इस्पितळात आणि पुढे तेवढेच घरी अंथरुणात गेले. त्यातच मार्चअखेर मेंढ्या विऊ लागल्या. चारशे मेंढ्यांचं बाळंतपण माझ्या बायकोने, आर्डिसने, तिच्या बहिणीला हाताशी घेऊन काढलं. मी उठून बाहेर पडलो तोवर नऊ कोकरं कायोटींनी नेली होती. सगळी उत्तरेच्या कुरणातली, घरापासून दोन मैलांवरची.

"मी आवाजाचं यंत्र घेतो," एका सकाळी मी आर्डिसला म्हणालो. "बॅटरीवर चालणारं. बटण दाबलं की ससा केकाटतो."

"घे," ती म्हणाली. एवढंच. मी यंत्रांना आयुष्यभर नावं ठेवली होती. तिने एखादा टोमणा तरी मारायला हवा होता.

हे बोलणं आमच्या स्वयंपाकघरात झालं आणि तिसरं माणूस तिथे नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी मी टपालाच्या पेटीपाशी उभा असताना नॉर्बर्ट ट्वेटने आपला ट्रक माझ्याशेजारी थांबवला, काच खाली केली आणि म्हणाला, "यंत्र घेतोयस म्हणे."

नॉर्बर्ट माझा शेजारी. त्याची गुरं, माझ्या मेंढ्या, मध्ये सहा मैल तारेचं कुंपण. त्या कुंपणालगत सरकारी गायरानाचा एक चौरस मैल आहे. त्याचा भाडेपट्टा माझ्या वडिलांपासून आमच्याकडे आहे आणि नॉर्बर्टला तो हवा आहे. दोनदा त्याने विचारलं, दोनदा मी नाही म्हणालो. दुसऱ्या वेळी जरा जास्तच मोठ्याने. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही ट्रकमधून रामराम म्हणून एक बोट वर करण्यापलीकडे एकमेकांशी बोललो नव्हतो.

"कोण म्हणालं?" मी विचारलं.

"गावात कुणीतरी." त्याने सूर्यफुलाच्या बियांची टरफलं खिडकीबाहेर थुंकली. "लायलच्या दुकानात दोन आहेत. ते रिमोटवालं महागडं घेऊ नकोस. साधं घे, वायरचं. बाराच आवाज आहेत त्यात, पण पुरतात."

"का?"

"का म्हणजे? साधं बरं असतं," तो म्हणाला आणि काच वर करून निघून गेला.

मी टपाल हातात धरून बराच वेळ तिथेच उभा होतो. अकरा वर्षांनी माणूस तोंड उघडतो आणि तेही मला सल्ला द्यायला. साधं यंत्र घेतलं की कायोटी येणार नाहीत, कोकरं जात राहतील, शेवटी मेंढ्या विकून मी मोकळा होईन, आणि मग गायरान कुणाकडे जाईल हे सांगायला ज्योतिषी नको होता. पुढे असंही मनात आलं, की नॉर्बर्टला माझा स्वभाव पक्का ठाऊक आहे. तो साधं घे म्हणाला की मी महागडंच घेणार, हे त्याने धरलेलं असेल. मग साधंच खरं चांगलं असेल. घरी पोचेपर्यंत मी या दोन टोकांमध्ये चार फेऱ्या मारल्या.

लायल प्रुइटचं दुकान म्हणजे खुराक, तारा, बूट, काडतुसं, सगळं एका छताखाली. त्याने दोन्ही यंत्रं काउंटरवर मांडली. साधं म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा कर्णा, त्यावर एक ठसठशीत गोल खटका आणि लांब वायर. महागड्यात दोनशे आवाज. ते शंभर पावलांवर ठेवून रिमोटने चालवायचं, आणि वर एक केसाळ शेपूट आपोआप वळवळत राहतं.

"हेच ने," लायल महागड्यावर हात ठेवून म्हणाला. "याच्यासमोर ते दुसरं म्हणजे खेळणं आहे."

"इथे आणखी कुणी घेतलंय हे?"

लायल एरवी माणसाच्या डोळ्यांत बघून बोलतो. त्या वेळी त्याला काउंटरवरची धूळ दिसली. "एकदोघांनी घेतलंय," तो धूळ पुसत म्हणाला.

"कोण एकदोघं?"

"व्हर्लिन, मी गिऱ्हाइकांची नावं सांगत बसत नाही."

लायलने आयुष्यात कधी काही पोटात ठेवल्याचं मला आठवत नव्हतं. कुणाच्या घोडीला पोटशूळ झाला आणि कुणाचा जावई पळाला, हे गावाला त्याच्याकडूनच कळतं. मी महागडं यंत्र आठवडाभर वापरून बघायला म्हणून उचललं, आणि उगाच मनात नको म्हणून साधंही त्याच बोलीवर नेलं.

रात्री जेवताना आर्डिसला दोन्ही दाखवली. तिने वायरच्या यंत्राकडे बोट केलं. "मला तर हे बरं वाटतं."

"तुला यातलं काय कळतं?"

"काही नाही. बरं वाटतं, एवढंच." आणि ती ताटं उचलायला लागली. माझं अजून जेवण व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उत्तरेच्या कुरणात गेलो. वारा तोंडावर घेऊन एका टेकाडाला पाठ लावून बसलो आणि महागडं यंत्र समोरच्या झुडपांत ठेवलं. उजाडताना घळीच्या काठावर दोन कायोटी दिसले, नर आणि मादी, चारशे पावलांवर. मी सशाचं बटण दाबलं. आवाज इतका खरा होता की माझ्याच अंगावर काटा आला.

दोघांनी मान वर केली. मग दोघंही पाठ फिरवून पळत सुटली, पोट जमिनीला टेकेल अशी, एकदाही मागे न बघता.

भूक नसलेला कायोटी येत नाही, हे मी पाहिलं होतं. संशयी असलेला लांबून वळसा घालून वास घेतो, तेही पाहिलं होतं. पण अन्नाच्या आवाजापासून जीव घेऊन पळणाऱ्या कायोटीने तो आवाज आधी ऐकलेला असतो, आणि त्याच्यामागून आलेली गोळीही. दुसऱ्या सकाळी मी मैलभर अलीकडे बसून हरणाच्या पाडसाचा आवाज लावला. तसंच झालं. तिसऱ्या सकाळी सुतारपक्षी लावला. त्या दिवशी तर एकच कायोटी होता आणि तो पहिल्याच किंकाळीला नाहीसा झाला.

माझ्या जमिनीवर कुणीतरी हेच यंत्र आणून माझ्या कायोटींना शिकवून ठेवलं होतं.

त्या दिवशी मी घरी गेलो नाही. कुंपणाच्या कडेने चालत प्रत्येक टेकाड आणि प्रत्येक खळगा बघत गेलो. दुपारी एका खडकाच्या आडोशाला, जिथे मीही बसलो असतो अशा जागी, गवत दबलेलं सापडलं. तिथे दोन रिकामी काडतुसं होती. माझ्या बंदुकीची नव्हती. आजूबाजूला रक्ताचा डाग नाही, केस नाही, हाड नाही. आणि खडकाच्या बुडाशी सूर्यफुलाच्या टरफलांचा ओंजळभर ढीग होता.

मी काडतुसं खिशात टाकली आणि ट्रक थेट ट्वेटच्या फाटकात घातला.

नॉर्बर्ट गोठ्यामागच्या कामाच्या खोलीत होता. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "बस, कॉफी घे," आणि किटली उचलली. मी काडतुसं त्याच्या बाकावर ठेवली.

"तुझीच ना?"

त्याने ती उचलून डोळ्यांजवळ नेली, अगदी नाकाला लागतील इतकी. "माझीच."

"माझ्या कुरणात काय करत होतास?"

तो कॉफी ओतायला लागला. कप भरला आणि तरी तो ओततच राहिला. कॉफी बाकावरून ओघळून त्याच्या बुटावर पडली, तेव्हा कुठे तो थांबला.

"मला सगळं कळलंय नॉर्बर्ट," मी म्हणालो. "कायोटींना भेदरवून ठेवायचं, म्हणजे माझ्या बोलावण्याला एकही येणार नाही. मेंढ्या संपल्या की गायरान तुझं."

"गायरान मला हवंय," तो म्हणाला. "ते मी कधी लपवलं नाही. तू सोडशील त्या दिवशी मी अर्ज घेऊन पहिला उभा असेन. पण हे त्यासाठी नव्हतं."

"मग कशासाठी होतं?"

"तुझ्या बायकोला विचार."

"मी तुला विचारतोय."

तो स्टुलावर बसला. सहा फुटांचा माणूस, पण बसल्यावर एकदम लहान दिसला. "तू इस्पितळात होतास तेव्हा आर्डिस आली होती. याच खोलीत. तीन दिवसांत चार कोकरं गेली होती आणि तिला दोन रात्रींची झोप नव्हती. म्हणाली, कायोटींचं काहीतरी कर, पण व्हर्लिनला कळता कामा नये. मी लायलकडून ते महागडं यंत्र आणलं. दहा सकाळी जाऊन बसलो. ते आले रे. पहिल्या दिवशी तर साठ पावलांवर आले. मी गोळी मारली आणि चुकली."

"साठ पावलांवर?"

"मला दिसत नाही, व्हर्लिन. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्या रिमोटवरची अक्षरं मुंगीएवढी. ससा लावायला जायचो आणि कावळा लागायचा. मग पाडस, मग टर्की, मग काय काय. एका बैठकीत दहा-दहा आवाज. त्या यंत्रातला असा एक आवाज नसेल जो त्यांनी ऐकला नाही. माझ्यामुळे ते सगळं यंत्रच वाया गेलं. म्हणून म्हटलं वायरचं घे. त्यातले आवाज वेगळे आहेत."

"हे टपालाच्या पेटीपाशी सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू? तुझ्या बायकोला शब्द दिला होता. आणि साठ पावलांवरून चुकली, हे तुला सांगू?"

मला चटकन त्याचं खरं वाटलं नाही. मी त्याच्या भिंतीवरच्या फळीवरचं काडतुसांचं खोकं उचलून चार पावलांवरून दाखवलं आणि वर काय लिहिलंय ते विचारलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "लाल आहे." खोकं हिरवं होतं.

घरी आर्डिस कणीक मळत होती. मी दारातच म्हणालो, "नॉर्बर्टकडून आलो." तिचे हात थांबले नाहीत.

"सांगितलं त्याने?"

"त्याच्याकडे कशाला गेलीस? मला विचारायचं."

"तुला नळ्या लावल्या होत्या. ताप एकशे चार. त्यातही तू नर्सला विचारत होतास, हे सलाइन कुणी पाठवलं म्हणून." ती पीठ आपटत म्हणाली. "आणि शुद्धीत असतास तरी काय म्हणाला असतास? सगळी मेंढरं गेली तरी चालतील, पण ट्वेटचा पाय कुरणात नको. मला मेंढरं हवी होती."

मी खुर्ची ओढून बसलो. वाद घालण्यासारखं बरंच मनात होतं, पण त्यातलं बहुतेक तिने आधीच बोलून टाकलं होतं. मग विचारलं, "माझं यंत्र घ्यायचं ठरलं, हे त्याला तूच सांगितलंस?"

"फोन केला. तू महागडंच उचलशील अशी भीती होती."

महागडं यंत्र मी लायलच्या काउंटरवर परत ठेवलं. तो म्हणाला, "मला त्याने तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं." मी म्हणालो, "पहिल्यांदाच जमलं तुला." वायरचं ठेवून घेतलं.

त्यात एक आवाज होता कायोटीच्या पिल्लाचा, कुणीतरी पकडल्यासारखा विव्हळणारा. मेच्या मध्यावर त्यांच्या बिळांत पिल्लं असतात आणि त्या आवाजाला आईबाप विचार न करता धावतात. मी नॉर्बर्टला बोलावलं. तो लगेच आला नाही. फोनवर म्हणाला, "कशाला? चेष्टा करायला?" मी म्हणालो, "वायर आखूड आहे. एकाला यंत्रापाशी बसावं लागतं." वायर चांगली लांब होती.

सूर्य नुकता वर आला होता. नॉर्बर्ट खाली झुडपांत कर्ण्याशेजारी बसला. त्या गोल खटक्यावर वाचायला काही नव्हतं, तो फिरवताना होणारे 'खट्' आवाज नुसते मोजायचे. सातव्या 'खट्'ला पिल्लू. मी वर टेकाडावर बंदूक घेऊन. मिनिटभर ते विव्हळणं चाललं आणि घळीतून नर आला. पळत, सरळ, मानेवरचे केस उभे. नॉर्बर्टपासून तीस पावलांवर मी त्याला पाडला.

गोळीचा आवाज विरल्यावर खालून नॉर्बर्ट म्हणाला, "लागली का?"

"लागली."

"खोटं नाही ना बोलत?"

"जाऊन हात लावून बघ."

तो गेला. चाचपडत, दोनदा झुडपात अडखळत. सापडल्यावर गुडघ्यावर बसला आणि त्याच्या अंगावर हात ठेवला. मी वरून बघत होतो. तो नर धिप्पाड होता, देखणा होता. पिल्लांसाठी आला होता तो. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. एक काम संपलं, एवढंच वाटलं.

त्यानंतर त्या कुरणातून आणखी दोनच कोकरं गेली, आणि त्यातलं एक गरुडाने उचलताना मी स्वतः पाहिलं.

जुलैमध्ये मी नॉर्बर्टला डोळे दाखवायला बिलिंग्जला नेलं. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि दुसऱ्या कुणाला विचारणं त्याला जमलं नसतं. डॉक्टरबाईंनी ऑपरेशन करून डोळ्यांत बसवायच्या दोन प्रकारच्या भिंगांची माहिती दिली, एक साधं आणि एक महागडं, आणि विचार करा म्हणून बाहेर गेल्या.

नॉर्बर्ट माझ्याकडे वळला. "कुठलं घेऊ?"

"मला काय विचारतोस? त्यांना विचार, कुठल्यात त्यांचा फायदा जास्त आहे."

"त्या खरं सांगतील?"

"नाही सांगणार," मी म्हणालो. "पण सांगताना कुठे बघतात ते मी बघतो. तू फक्त विचार."