भगवंतरावांचे दोन शब्द

आमचे हे संत्र्याच्या बागांचे व्यापारी. शेंदूरजनाघाटपर्यंत यांचा शब्द चालायचा. बागेत एक चक्कर मारली की झाडावर माल किती ते सांगायचे, आणि अशा आवाजात की पलीकडच्या शेताच्या धुऱ्यावरचा माणूस मान वर करायचा. दोन वर्षांपूर्वी लकवा आला. उजवा हात गेला, उजवा पाय अधू झाला आणि वाचाही गेली. समजतं सगळं, पण डोक्यातला शब्द तोंडापर्यंत येत नाही. पाहुणे यांच्यासमोर बसून मलाच विचारतात, "भाऊ जेवले का?" असा राग येतो म्हणून सांगू.

अमरावतीला बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. चार महिने यांना नेलं, तेव्हा दहा-बारा शब्द परत आले. पण परतवाड्याहून जाण्यायेण्यात अख्खा दिवस मोडायचा, जीपमध्ये चढवायला दोन माणसं लागायची. शेवटी ते सुटलं.

मग अमरावतीच्याच एका आरोग्य संस्थेचं पत्र आलं. लकव्याच्या रुग्णांसाठी यंदा काय करायचं ते सभेत ठरणार, रुग्णांचा सत्कार होणार, त्यांनी दोन शब्द बोलावेत. मॅरेथॉन दौड घ्यायचा विचार आहे, असंही खाली लिहिलं होतं. मी वाचून दाखवलं तेव्हा हे कितीतरी दिवसांनी हसले. ज्यांचे पाय उचलत नाहीत, त्यांच्यासाठी दौड!

त्या दिवसापासून यांनी एकच वाक्य घोटायला घेतलं. "दौड नोको. बोलनं शिकवा." आरशासमोर तेच, जेवताना तेच. मी मधेच शब्द पुरवला की ताट सरकवायचे. निघायच्या दिवशी माझ्या तोंडावर डावा हात ठेवला.

"तू... नाई. मी."

"नाई बोलत," मी म्हटलं. तेव्हा मनापासूनच म्हटलं होतं.

संस्थेचे अध्यक्ष वामनराव भला माणूस, तीच तर पंचाईत. त्यांनी यांना हात धरून स्टेजवर नेलं, खांद्यावर शाल टाकली आणि नारळ दिला, तो यांच्या डाव्या हातात. चालणारा तेवढा एकच हात. मग माईक त्यांनी स्वतःच धरला.

"दौड," हे म्हणाले आणि थांबले.

पुढचा शब्द यायला यांना वीस आकडे लागतात. मी खालच्या खुर्चीत मनात मोजत होते. नऊवर वामनराव म्हणाले, "वा! भगवंतरावांचाही दौडीला पाठिंबा आहे." टाळ्या पडल्या.

यांनी जोरजोरात मान हलवली. माईक धरायचा तर नारळ सोडणं भाग होतं. यांनी सोडला. तो फरशीवर पडून फुटला, पाणी वामनरावांच्या धोतरावर उडालं.

"घ्या, यांच्याच हातून नारळ फुटला," वामनराव हसत म्हणाले. "दौडीचा शुभारंभ झाला."

पुन्हा टाळ्या. फोटोवाला पुढे आला. हे माईक ओढत होते, ओठ हलत होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले.

"ते दौड नोको म्हनून राहिले! परतवाड्यात बोलनं शिकवनारी बाई द्या म्हनून राहिले. त्याईले इचारलं का कोनी दौडीचं?"

वामनरावांनी खरंच ऐकलं, वहीत टिपून घेतलं. "ताई, फार नेमकं बोललात. आम्हाला असाच रुग्णांचा आवाज हवा होता. यंदाची दौड ठरलेली आहे, बाईंचं पुढच्या वर्षी बघू. पण आजपासून तुम्ही आमच्या समितीवर."

तिसऱ्यांदा टाळ्या पडल्या, त्या माझ्यासाठी. स्टेजवर यांच्या हातात आता माईक होता. हे माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी तो हळूच टेबलावर ठेवला.

फुटका नारळ कोणीतरी प्रसाद म्हणून पिशवीत घालून दिला. परतीच्या जीपमध्ये तो माझ्या मांडीवर होता.

"अवो, लिवून तं घेतलं नं त्याईनं," मी म्हटलं.

हे बाहेर बघत राहिले. आसेगाव मागे पडलं. मग माझ्याकडे न वळता, दोन वर्षांत पहिल्यांदाच कुठेही न अडखळता म्हणाले,

"मी बोलून राहिलो होतो."